इतवाऱ्यातली मागाची खोली

इच्छापूरच्या देवीसमोर मी तीन वेळा दारू सोडण्याची शपथ घेतली आणि तिन्ही वेळा मोडली. आज हे एका ओळीत लिहिता येतं, कारण मधे बराच काळ गेला आहे. ज्या दिवसांबद्दल सांगणार आहे त्या दिवसांत हे वाक्य मला मनातल्या मनातसुद्धा म्हणता येत नव्हतं. देवी आपलं ऐकत नाही, असं मी म्हणत असे. खरं तर तिच्यासमोर जायला तोंड उरलं नव्हतं. ते कबूल करण्यापेक्षा तिलाच बहिरी ठरवणं मला सोपं वाटत होतं.

मी बुऱ्हाणपूरचाच. एका खाजगी पॅथॉलॉजीत अठरा वर्षं रक्त काढण्याचं आणि तपासण्याचं काम केलं. सकाळी सातला शटर उघडायचं, तेव्हा उपाशीपोटी आलेली माणसं बाकावर बसलेली असायची. शीर शोधण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. तान्ही मुलं असोत की सुया टोचून टोचून शिरा बसलेली म्हातारी माणसं असोत, डॉक्टर माझ्याकडेच पाठवायचे. दारू सुरू झाली ती काम संपल्यावर, मित्रांबरोबर, महिन्यातून एखाद्या वेळी. ती रोजची कधी झाली हे मला सांगता येणार नाही. शेवटच्या तीन-चार वर्षांत मात्र सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर राहत नसे. घरातून निघताना थोडी घ्यायची, वेलदोडा चघळायचा आणि कामाला बसायचं, हे मी औषध घ्यावं तसं ठरवून टाकलं होतं. दुसऱ्यांच्या लिव्हरचे आकडे रोज माझ्या हातून जायचे. कोणता आकडा पाहून काय समजायचं ते मला चांगलं कळत होतं. स्वतःचं रक्त मात्र मी एकदाही तपासलं नाही.

पहिली शपथ घेतली तेव्हा आमची गौरी पहिलीत होती. ती शपथ दीड महिना टिकली. दुसरी वडील गेल्यावर घेतली, ती तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीच मोडली. तिसरी नवरात्रात. माझी बायको सविता त्या वेळी बरोबर होती. टेकडीच्या सगळ्या पायऱ्या ती अनवाणी चढली आणि मी नारळ हातात घेऊन शपथ घेत असताना डोळे मिटून शेजारी उभी राहिली. त्या दिवसापासून मी एक थेंबही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी घाम सुटायला लागला, झोप उडाली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलताना काय झालं ते मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा दवाखान्यात होतो, जीभ चावली गेली होती आणि सविता माझे पाय धरून बसली होती. मला फिट आली होती. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांची दारू अशी एका दिवसात आपल्या मनाने तोडायची नसते, जीवावर बेततं. मी स्वतः दवाखान्यांच्या जगातला माणूस, मला हे माहीत असायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच बसलं. देवीला माझी शपथ नको आहे, मला ती जवळ करत नाही, असा मी अर्थ काढला. पाच दिवसांनी घरी आलो आणि आठव्या दिवशी पुन्हा प्यायला लागलो. या वेळी बहाणाही तयार होता, की सोडली तर मरेन.

त्यानंतर जे घडलं ते सांगताना अजूनही जीभ जड होते. जानेवारीतली सकाळ होती. धूलकोटला किराणा दुकान चालवणारे महाजनकाका तपासणीसाठी आले होते. त्यांच्या मागे एक तरुण शिक्षक बसला होता. दोघांचं रक्त मी घेतलं आणि नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवताना अदलाबदल केली. काकांची साखर भयंकर वाढलेली होती, पण त्यांच्या हातात त्या शिक्षकाचा रिपोर्ट पडला. सगळं ठीक आहे असं समजून ते गावी गेले. मुलीच्या घरचे लाडू आले होते, तेही खाल्ले. सहाव्या दिवशी दुकानातच कोसळले आणि त्यांना बेशुद्ध अवस्थेत शहरात आणावं लागलं. ते वाचले, पण उजव्या डोळ्याची नजर पूर्वीसारखी राहिली नाही. तो शिक्षक मात्र आपला रिपोर्ट बघून घाबरला आणि त्याने दुसरीकडे तपासणी करून घेतली. त्यातून सगळा घोटाळा बाहेर आला.

आमच्या डॉक्टरांनी आवाजसुद्धा चढवला नाही. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं, दोन्ही रिपोर्ट समोर ठेवले आणि म्हणाले, "अठरा वर्षांत तुमच्यावर एकदाही शंका घेतली नाही मी. उद्यापासून येऊ नका." मी उठलो. दाराशी पोहोचलो तेव्हा ते पुन्हा म्हणाले, "सकाळी पिऊन आला होतात ना?" मी नाही म्हणालो. त्या वेळीही खोटंच बोललो.

घरी सविताने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, भांडली नाही. गौरीची वार्षिक परीक्षा संपली तशी तिला घेऊन माहेरी, तुकईथडला गेली. जाताना म्हणाली, "मी सोडून चालले नाही. पण तुम्हाला असं बघत बसणं आता मला जमत नाही. गौरी रात्री उठून तुमचा श्वास चालू आहे का बघते, ठाऊक आहे तुम्हाला?" मला ठाऊक नव्हतं.

चैत्रातल्या एका मंगळवारी मी एकटाच इच्छापूरला गेलो. शपथ घ्यायला गेलो नव्हतो, कारण आणखी एक शपथ म्हणजे आणखी एक खोटं, एवढं मला कळून चुकलं होतं. नारळही नेला नाही. पायऱ्या चढायला लागलो, पण अर्ध्यावर पाय उचलेनात. मी तिथेच कठड्याला टेकून बसलो. येणारे-जाणारे बाजूने जात होते. कुणी ओळखीचं दिसलं की मी मान खाली घालायचो. खाली केळीच्या बागा दिसत होत्या, वर घंटा वाजत होती. आधी प्रत्येक वेळी मी देवीकडे इच्छाशक्ती मागितली होती. तिचं नावच इच्छादेवी, ती इच्छा पुरवते अशी आमच्याकडे श्रद्धा. त्या दिवशी मागायला काही सुचेचना. मी एवढंच म्हणालो, "आई, माझ्याकडून होत नाही." आणि खूप वेळ तेच म्हणत राहिलो. वर गेलो नाही. दर्शन न घेताच उतरलो.

काही चमत्कार झाला नाही. बस पकडून परत आलो आणि त्या संध्याकाळीही प्यायलो. हे लपवलं तर पुढच्या सांगण्याला अर्थ उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. शेजारच्या गावातल्या एका पॅथॉलॉजीत जागा असल्याचं कानावर आलं होतं, म्हणून मी कपाटातून माझी डिप्लोम्याची प्रमाणपत्रं शोधत होतो. ती ज्या पिशवीत होती त्याच पिशवीत सविताने माझे दवाखान्याचे कागद जपून ठेवले होते. सुट्टी देताना दिलेला कागद हातात आला. त्याच्या मागच्या बाजूला निळ्या शाईत हिंदीत दोन ओळी लिहिलेल्या होत्या. 'शराब छोड़ने वालों की बैठक. इतवारा, करघे वाला कमरा, बुधवार और रविवार, शाम पाँच बजे.' अक्षर बारीक, गोल, एखाद्या मुलीचं असावं असं. कागद सहा महिने घरात होता. मी तो उलटून पाहिला नव्हता. पुढे मी त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी अक्षर बघून नकारार्थी मान हलवली. तिथल्या नर्सनाही दाखवलं, कुणी ओळखलं नाही. एकीने सांगितलं, तेव्हा शिकाऊ मुली यायच्या, त्यांच्यातलीच कुणी असेल. असेलही. मी त्यावर वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे की आदल्या दिवशी मी माझ्याकडून होत नाही असं म्हणालो होतो आणि दुसऱ्या दिवशी तो कागद उलटा होऊन माझ्या हातात आला होता.

साडेचारला मी इतवाऱ्यात पोहोचलो. सकाळची थोडी पोटात होतीच. त्याशिवाय घराबाहेर पडणं तेव्हा शक्य नव्हतं. इतवाऱ्याचे रस्ते मला पाठ आहेत, पण 'करघे वाला कमरा' कुठे असेल याची काही कल्पना नव्हती. करघा म्हणजे माग, आणि आमच्या शहरात मागांना तोटा नाही. शिवाय विचारायचं कसं? भाजीवाल्याला, शिंप्याला काय सांगायचं, की दारुडे कुठे जमतात? अठरा वर्षांत अर्ध्या गावाचं रक्त काढलेलं, कुणीही ओळखेल. मी तोंडावर रुमाल बांधला. एका गल्लीत शिरलो, बाहेर पडलो, पुन्हा शिरलो. कोपऱ्यावर देशी दारूचं दुकान होतं. पाच वाजत आले तसं मनात आलं की आपण प्रयत्न केला, सापडलं नाही, त्याला आपण काय करणार? तो विचार आला आणि मला फार हायसं वाटलं. मी त्या दुकानाकडे वळलोच होतो.

तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ भाऊ, तिकडे नको जाऊ. इकडे ये."

बांगड्यांच्या एका लहानशा दुकानात साठीच्या घरातली एक बाई बसली होती. कपाळ मोकळं, डोक्यावरून पदर. मी इकडेतिकडे पाहिलं. ती मलाच बोलावत होती.

"बैठकीला आला ना तू?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "कोणती बैठक?"

"आता मले काय विचारतो? माझ्या दुकानासमोरून तीनदा गेला आन् तीनदा आला. बांगडी घ्यायची नाही, कोनाले काही विचारायचं नाही. असं करनारे समदे तिथलेच राहतात." तिने दुकानाच्या बाजूच्या बोळाकडे हात केला. "या बोळीतून सरळ जा. शेवटचं निळं दार. चप्पल बाहेर काढजो. अजून सुरू व्हायचं आहे."

मी जागचा हललो नाही. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग दुकानातून उतरली, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत माझ्यापुढे चालायला लागली आणि निळ्या दारापर्यंत मला नेऊन सोडलं. दार तिनेच ढकललं. आत डोकावून म्हणाली, "चाचा, एक भाऊ आले आहेत," आणि परत गेली.

खोली लांबट होती. एका बाजूला जमिनीत चौकोनी खड्डा बुजवल्याची खूण दिसत होती. विणकर मागावर पाय सोडून बसतो तो खड्डा. सतरंजीवर नऊ-दहा माणसं बसली होती. एक ऑटो चालवणारा, एक निवृत्त कारकून, दोन शेतकरी, कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम. भिंतीला टेकून पांढऱ्या दाढीचे एक विणकर बसले होते. त्यांना सगळे करीमचाचा म्हणत. कुणीही माझं आडनाव विचारलं नाही. चहा दिला आणि बसायला जागा केली. एकेक जण आपलं सांगत होता, कुणी हिंदीत, कुणी आमच्या मिसळीच्या मराठीत. मॅडम म्हणाल्या की त्या बाटली पिठाच्या डब्यात लपवायच्या. हे ऐकून दोन-तीन जण हसले आणि मॅडमही हसल्या. मला धक्का बसला. या गोष्टीवर कुणाला हसता येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

माझी पाळी आली. काही बोलायचं नसेल तर बोलू नको, असं चाचांनी सांगितलं. पण मी बोललो. आज सकाळी प्यायलो आहे, असं आधी सांगितलं. मग दारू एकदम तोडल्यावर आलेल्या फिटचं सांगितलं, महाजनकाकांचं, चिठ्ठ्यांचं, डॉक्टरांच्या प्रश्नाचं, त्या खोटं बोलण्याचं. सविताजवळसुद्धा एवढं सलग बोललो नव्हतो. शेवटी म्हणालो, "मी देवीसमोर तीनदा शपथ मोडली आहे. आता तुमच्यासमोर चौथी घेतो."

चाचांनी हात वर केला. "नहीं भाई. यहाँ कसम मत खाना. कसम में 'मैं' बहुत होता है. मैं छोड़ दूँगा, मैं करके दिखाऊँगा. अपने 'मैं' से होता तो हम सब यहाँ क्यों बैठते?" मग त्यांनी विचारलं, "आज रात तक बिना पिए रह सकते हो?" आणि लगेच स्वतःच म्हणाले, "रुको, तुम्हें तो दौरा पड़ा था ना? तुम ऐसे मत छोड़ना. पहले डॉक्टर."

निवृत्त कारकून होते, वसंतराव नावाचे, ते म्हणाले, "उद्या सकाळी नऊला मी तुमच्या घरी येतो. दोघं जाऊ." मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले. सकाळी पावणेनऊला ते दारात उभे होते. हातात छत्री, ऊन लागू नये म्हणून. त्यांनी मला सरकारी दवाखान्यात नेलं, माझ्या शेजारी रांगेत बसले. डॉक्टरांनी भरती करून घेतलं. आठ दिवस औषधांवर ठेवलं, मात्रा हळूहळू कमी केली. या वेळी फिट आली नाही. गटातलं कुणी ना कुणी रोज संध्याकाळी येऊन बसायचं. तिसऱ्या दिवशी करीमचाचा आले तेव्हा मी त्यांना माझ्या मनातलं विचारलं, की देवीने मला नाकारलं असेल का. त्यांनी स्टूल माझ्या खाटेजवळ ओढलं. मग म्हणाले, "तुम्हारी माँ का मैं क्या कहूँ, तुम जानो. मैं अपने मालिक से बीस साल ताक़त माँगता रहा. जिस दिन कहा कि ताक़त भी तू रख, मुझे बस उठाकर कहीं बिठा दे, उस दिन इस कमरे का पता मिला." पायरीवर बसून मी जे म्हणालो होतो ते त्यांना कुठे ठाऊक होतं.

बांगडीवाल्या मावशींबद्दल मला फार उशिरा कळलं. ती खोली त्यांचीच. त्यांचे यजमान तिथे माग चालवायचे आणि दारूनेच गेले. माग विकल्यावर खोली भाड्याने मागणारे बरेच आले, पण मावशींनी ती बैठकीसाठी देऊन टाकली. मी एकदा त्यांना म्हणालो, "मावशी, त्या दिवशी तुम्ही हाक मारली नसती तर मी दारूच्या दुकानात शिरलो असतो." त्या बांगड्या पुसत होत्या. म्हणाल्या, "माझा मानूस जात होता तेव्हा त्याले हाक मारनारी जागा नव्हती रे भाऊ. मी मारायची, पन माझी हाक त्याले भांडन वाटायची." एवढं बोलून त्यांनी समोर आलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं, काय दाखवू.

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. दोन महिने झाल्यावर, मामेभावाच्या लग्नात, मी पुन्हा प्यायलो. कुणी आग्रह केला नव्हता, काही दुःख नव्हतं. ग्लास समोर आला आणि घेतला. त्यानंतर मी दोन बैठकांना गेलो नाही. कसलं तोंड घेऊन जायचं, हा माझा जुना प्रश्न परत आला. शनिवारी दुपारी करीमचाचा घरी आले. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. त्यांनी चहा घेतला, सुताचे भाव सांगितले, त्यांच्या नातीला दात येत होते त्याबद्दल बोलले. लग्नाचा विषय काढलाच नाही. निघताना चप्पल घालत म्हणाले, "कल इतवार है." बस्स. रविवारी मी गेलो, जे झालं ते सांगितलं, डॉक्टरांनाही सांगितलं, आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. माझ्या मते मी खरा शरण गेलो तो त्या रविवारी. पहिल्या दोन महिन्यांत मी मनातल्या मनात दिवस मोजत होतो आणि ते माझं कर्तृत्व आहे असं मानत होतो.

दिवाळीनंतर मी महाजनकाकांकडे धूलकोटला जायचं ठरवलं. वसंतराव म्हणाले, "माफी मिळेल म्हणून जाऊ नका. सांगायचं आहे म्हणून जा." काका दुकानातच होते. उजवीकडे मान वळवून, डाव्या डोळ्याने माझ्याकडे पाहत त्यांनी ओळखलं. मी उभ्यानेच सांगितलं. त्या सकाळी प्यायलेलो होतो, चिठ्ठ्या माझ्या हातून बदलल्या, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नाही म्हणालो.

काका म्हणाले, "मले वाटत होतं, मशीन बिघडली असन. सगळ्यायले तेच सांगत होतो." मग म्हणाले, "मशीन असती तर बरं झालं असतं."

मी म्हणालो, "काका, तुम्ही म्हणाल ते करायला तयार आहे."

"काय करशीन? डोळा देशीन?" ते ओरडले नाहीत. "जाय बापा. दुकानासमोर उभा नको राहू."

त्यांची बायको आत पडद्याशी उभी होती. तिने पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली. मी पाणी प्यायलो, काकांना नमस्कार केला आणि बसस्टॉपवर आलो. बस यायला दीड तास होता. त्या दीड तासात मला फार रडू आलं, पण प्यावंसं वाटलं नाही. काकांनी माफ केलं नाही आणि पुढे करतील की नाही ते त्यांच्या हातात आहे. वर्षातून दोनदा मी त्यांच्या मुलाला फोन करून त्यांची तब्येत विचारतो. मुलगा बोलतो. काका फोनवर येत नाहीत.

पुढे मला दुसऱ्या ठिकाणी काम मिळालं. तिथल्या डॉक्टरांना मी सगळं आधीच सांगितलं. पहिलं वर्ष त्यांनी मला सुई धरू दिली नाही, नोंदी करायला बसवलं, आणि ते योग्यच होतं. सविता आणि गौरी त्याच वर्षी शाळा सुरू होताना परत आल्या होत्या. सविता घरात होती, पण बराच काळ तिचं लक्ष माझ्या श्वासावर, चालण्यावर, उशिरा येण्यावर असायचं. कुठे बाहेरगावी जायचं झालं तर शेजारच्या जोशीकाकूंना हळूच सांगून जायची, जरा बघत राहा. मला ते कळायचं. कधी वाईट वाटायचं, पण तिला बोलायचा हक्क मी केव्हाच घालवला होता. बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "विश्वास मागायचा नसतो. तो आला तर येतो, नाही आला तरी आपलं काम करायचं." देवीकडे मी सविताचा विश्वास कधी मागितला नाही. सविताच्या मनात काय चालतं ते तिचं तिला, असं म्हणून सोडून दिलं.

गेल्या महिन्यात तुकईथडला सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. सविताला चार दिवस जावं लागणार होतं आणि गौरीची बारावीची परीक्षा जवळ आली होती, म्हणून ती माझ्याजवळ राहणार होती. पहाटेच्या पहिल्या बसने जायचं, म्हणून मी सविताला बसस्टँडवर सोडायला गेलो. ती खिडकीशी बसली. बस सुरू झाली तसं तिने डोकं बाहेर काढलं. मला वाटलं, आता काहीतरी बजावेल. ती म्हणाली, "गौरी गजराने उठत नाही, तिला हलवून उठवा. आणि दूध उतू घालवू नका."

बस वळली आणि मग माझ्या लक्षात आलं की निघताना ती जोशीकाकूंच्या दाराशी थांबली नव्हती. त्यांचं दार उघडं होतं, काकू रांगोळी घालत होत्या. सविता त्यांना येते म्हणाली आणि पुढे आली. मी स्टँडवर तसाच उभा राहिलो. हात आपोआप जोडले गेले. आई, हे मी केलेलं नाही, एवढंच मनात आलं. आजवर जे जे मिळालं, ते मागे लागून मिळवलेलं नव्हतं. कुणीतरी कागदावर दोन ओळी लिहिल्या, कुणीतरी हाक मारली, कुणी छत्री घेऊन दारात आलं, कुणी चहा पिऊन उद्या रविवार आहे एवढं सांगून गेलं. मी फक्त शेवटी शेवटी आडवं येणं थांबवलं. त्याच्याबद्दलही देवीचे उपकार.

उजाडायला लागलं होतं. मी दुधाची पिशवी घेतली आणि गौरीला उठवायला घरी गेलो.